शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय, पण घड्याळ कुणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३४. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत वडिलांनी उभी केलेली ओतकामाची फाउंड्री दोन वर्षांपासून मी बघतो. ६५ कामगार, महिन्याला दीड कोटीची विक्री, त्यातला ७० टक्के माल एकाच ग्राहकाला. खर्च, जुने हप्ते, घर सगळं जाऊन महिन्याला ९ लाख उरतात. ग्राहकाला आता एका नव्या भागासाठी महिन्याला ७० लाखांचा जादा माल हवाय. त्यासाठी साचे बनवायची नवी मोल्डिंग लाइन आणि लोखंड वितळवायची आणखी एक फर्नेस घ्यावी लागेल, एकूण ६ कोटी. त्यातले साडेचार कोटी बँकेचे, साडेदहा टक्क्यांनी, सात वर्षांसाठी, राहतं घर तारण ठेवून. ग्राहकाकडून लेखी काही नाही, शब्द आहे. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. वडिलांची बायपास होऊन दोन महिने झालेत, त्यांना सांगू की नको कळत नाही. रात्री झोप नाही. सगळे म्हणतात, जरा व्यापक नजरेनं बघ. म्हणजे नेमकं काय करू?"

मी १९९१ पासून गोकुळ शिरगावला फाउंड्री चालवतो. तुमच्या जागी दोनदा बसलोय, आणि एकदा चांगलाच होरपळलोय. त्यामुळे हे उत्तर पुस्तकातलं नाही.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण खरा प्रश्न तोच आहे. "व्यापक नजरेनं बघ" हे आपल्याकडे बहुतेक वेळा धीर देण्यासाठी म्हणतात. आयुष्य मोठं आहे, असे प्रसंग येतात आणि जातात, वगैरे. बोलणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण ऐकून रात्रीची झोप काही परत येत नाही. माझ्या अनुभवात व्यापक नजर ही मनाची अवस्था नाही, ते काम आहे. कागद-पेन्सिल घेऊन, चार फोन करून, दोन खुर्च्या बदलून करायचं काम. त्यानं अडचण लहान होत नाही. ती केवढी आहे ते कळतं. आणि दडपण बहुतेक वेळा अडचणीच्या आकारापेक्षा तिचा आकार न कळल्यामुळेच येतं.

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. त्यात एक चौकट आहे आणि ती तुम्ही आखलेली नाही. हो किंवा नाही, सहा कोटी, शुक्रवार. या तिन्ही रेघा दुसऱ्यानं ओढल्यात आणि तुम्ही आत उभे राहून विचार करताय.

आधी शुक्रवार घेऊ. आपल्या धंद्यात प्रत्येक गोष्टीचं घड्याळ वेगळं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. एसजी आयर्नला, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाला, मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिली की लॅडल, म्हणजे ओतायची बादली, आठ-दहा मिनिटांत रिकामी व्हायला हवी, नाहीतर मॅग्नेशियमचा गुण उतरतो आणि त्या वेळी वितळवलेला अख्खा माल रिजेक्शनमध्ये जातो. तिथं थांबून विचार करणारा माणूस नुकसान करतो. शिफ्टचं घड्याळ आठ तासांचं. पगाराचं महिन्याचं. एखादा भाग गाडीत आला की पाच-सात वर्षं चालतो, ते त्याचं घड्याळ. आणि घर तारण ठेवण्याचं घड्याळ पिढीचं असतं. तुम्ही पिढीच्या घड्याळाचा निर्णय लॅडलच्या घड्याळावर घेताय. फाउंड्रीत वाढलेल्या माणसाची ही सवयच होऊन जाते. आपलं कौतुकच यासाठी होतं की हा पटकन निर्णय घेतो. ओतकामात ते कौतुक खरं आहे, कर्जात नाही.

म्हणून पहिलं काम हे करा: एका कागदावर लिहा की या निर्णयातला कोणता तुकडा खरोखर शुक्रवारचा आहे. माझ्या अंदाजानं एकच असेल, तो म्हणजे "आम्हाला रस आहे" एवढं सांगणं. लाइन कुठली घ्यायची, किती टनांची, कर्ज केवढं, तारण काय, यातलं काहीच शुक्रवारचं नाही.

आता माझी गोष्ट. जून २००८ मध्ये एका ग्राहकानं मला असाच शब्द दिला. ट्रकची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, महिन्याला ४० टन, दोन वर्षं कमी पडणार नाही. मी दुसरी फर्नेस घेतली. दसऱ्याला तिची पूजा केली, आईच्या हातून नारळ फोडला. सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली होती, पेपरात वाचलं होतं, पण त्याचा आणि गोकुळ शिरगावचा संबंध डोक्यात आला नाही. दिवाळीनंतर देशभर ट्रकची विक्री कोसळली. माझं शेड्यूल, म्हणजे ग्राहकाची महिन्याची मागणी, ४० टनांवरून ११ टनांवर आलं. ज्या साहेबांनी शब्द दिला होता ते तोवर दुसऱ्या कंपनीत गेले होते. हप्ता चालू, विजेचा ठरावीक डिमांड चार्ज चालू, नवीन घेतलेले १४ कामगार दारात उभे. फेब्रुवारी २००९ मध्ये मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतला माझा प्लॉट मिळेल त्या भावानं विकला आणि तग धरला.

यातलं महत्त्वाचं पुढं आहे. २००९ चं वर्ष सरेपर्यंत बाजार फिरला. २०१० मध्ये तीच फर्नेस दोन पाळ्यांत चालत होती. म्हणजे फर्नेस घेण्याचा निर्णय चुकला होता का? तीन वर्षांच्या नजरेनं पाहिलं तर बरोबर होता. मग चूक कुठं झाली? मधले आठ-दहा महिने माल गेला नाही तर काय, याची तजवीज नव्हती. दूरचं मला दिसत होतं, जवळचं रोजच दिसत होतं, मधला पट्टा कोरा होता. उद्योजक बहुतेक या मधल्या पट्ट्यातच मरतात. व्यापक नजर म्हणजे फक्त दूर बघणं नव्हे, हे मला प्लॉट विकून कळलं.

त्या दिवसांत भेटेल तो मला किर्लोस्करांची गोष्ट सांगायचा. ती गोष्ट मोठी आहेच. गेल्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणरावांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन नासते या समजुतीमुळं शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढं बेळगावची जागाही सोडावी लागली. मग औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात जागा दिली आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मला लक्ष्मणरावांबद्दल अपार आदर आहे. पण त्या हिवाळ्यात या गोष्टीचा मला काडीचा उपयोग झाला नाही, उलट त्रास झाला. शेवट माहीत असलेली गोष्ट ऐकली की वाटतं, टिकून राहिलं की सगळं नीट होतं. टिकून राहूनही जे बुडाले त्यांची चरित्रं कुणी लिहिलेली नसतात. यशस्वी माणसाची गोष्ट बळ देते. नजर मात्र तेवढ्यानं व्यापक होत नाही.

उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्या सीएंनी एका संध्याकाळी विचारलं, "तुमच्याएवढ्याच आकाराच्या किती फाउंड्र्यांनी गेल्या दहा वर्षांत एका ग्राहकाच्या शब्दावर क्षमता वाढवली? त्यांचं काय झालं?" मी सात नावं काढली. दोघांचं उत्तम झालं. तिघांना कबूल केलेल्या मालाच्या निम्माच माल मिळाला, पण ते तरले. एकानं कारखाना विकला. एक अजून थकलेल्या कर्जाबद्दल बँकेशी वन-टाइम सेटलमेंट करण्याच्या मागं होता. सात म्हणजे काही संशोधन नव्हे, पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला माझी केस बाहेरून दिसली. त्यातलं एकही नाव मला नवीन नव्हतं. मी फक्त कधी विचारलं नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी या फरकाला आतली नजर आणि बाहेरची नजर अशी नावं दिली. त्यांचा स्वतःचा अनुभव फार बोलका आहे. इस्राएलमध्ये ते शाळेसाठी एक अभ्यासक्रम तयार करणाऱ्या गटात होते. सगळ्यांचा अंदाज, दोनेक वर्षांत होईल. मग गटातल्याच एका जाणकाराला विचारलं की अशा इतर गटांना किती वेळ लागला. तो विचार करून म्हणाला, ४० टक्क्यांनी काम अर्धवट सोडलं, आणि ज्यांनी संपवलं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. त्यानं स्वतः थोड्या वेळापूर्वी दोन वर्षांच्याच आसपासचा आकडा लिहून दिला होता. काम शेवटी आठ वर्षांनी संपलं. माहिती त्याच खोलीत, त्याच माणसाच्या डोक्यात होती, कामाला मात्र आली नव्हती.

तर दुसरं काम: शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी या पट्ट्यात अशी पाच-सात उदाहरणं शोधा. वडिलांच्या मित्रांना विचारा, साच्यांचे पॅटर्न बनवणाऱ्याला विचारा, स्क्रॅपच्या व्यापाऱ्याला विचारा. त्या व्यापाऱ्याला कुणाची फर्नेस किती चालते हे बँकेपेक्षा जास्त कळतं. आणि विचारताना "मी काय करू?" असं विचारू नका. "त्या वेळी किती माल कबूल केला होता, आणि प्रत्यक्षात पहिल्या वर्षी किती गेला?" असं विचारा. सल्ला प्रत्येक जण स्वतःच्या स्वभावाप्रमाणं देतो, आकडा तसा बदलत नाही.

झोपेबद्दल. तुम्ही लिहिलंय की रात्री झोप नाही. डोकंही चालत नसेल. ते खरंच चालत नसतं, यात कमकुवतपणा काही नाही. अर्थशास्त्रज्ञ सेंदिल मुल्लयनाथन, मानसशास्त्रज्ञ एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांच्या चाचण्या घेतल्या होत्या. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर, अशा दोन वेळा त्याच माणसांना विचारशक्तीची कोडी दिली. आधीच्या वेळी ते कमी पडले, नंतर बरे निघाले. माणूस तोच होता. चणचणीनं डोक्यातली जागा व्यापली होती. ऊस गेला पण बिल आलं नाही अशा महिन्यांत घरात काय वातावरण असतं ते आपल्या भागात वेगळं सांगायला नको. कारखानदाराचंही तेच आहे. आमच्याकडं पगार ७ तारखेला होतो. १ ते ७ तारखेपर्यंत मी कुठलाही मोठा करार करत नाही, सही तर नाहीच. १२ ते २० या दिवसांत करतो. पंधरा वर्षं हा नियम पाळतोय आणि त्यानं माझं आजवर काही अडलेलं नाही.

आता तुमचे आकडे. इथं जरा थांबू, कारण व्यापक नजरेतलं सर्वात मोठं काम इथंच आहे आणि लोक तेच टाळतात.

साडेचार कोटी, साडेदहा टक्के, सात वर्षं: हप्ता महिन्याला साधारण ७ लाख ६० हजार. तुमच्याकडं आज ९ लाख उरतात. म्हणजे नवा माल एक किलोही गेला नाही तरी हप्ता भरता येतो, पण वर फक्त १ लाख ४० हजार राहतात. ग्राहकानं बिलातून दंड कापला की येणाऱ्या एका मोठ्या डेबिट नोटेत किंवा फर्नेसच्या एका पॅनेलच्या दुरुस्तीत ते संपतील. शिवाय नवी फर्नेस आली की विजेचा मंजूर भार वाढवावा लागेल. टनाला ६०० युनिटच्या आसपास वीज लागते ती ओतलं तर, पण डिमांड चार्ज ओतलं नाही तरी येतो.

याच्या पुढचा आकडा तुमच्या प्रश्नात कुठंच नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. महिन्याला ७० लाखांचा जादा माल म्हणजे पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि स्क्रॅप आणल्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत समजा अडीच महिने. म्हणजे पावणेदोन कोटी रुपये कायमचे फिरत्या मालात आणि ग्राहकाकडून येणं असलेल्या रकमेत अडकणार. बँकेनं सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलाची, लिमिट वाढवून त्यातला पाऊण भाग उचलला तरी ४०-४५ लाख तुम्हाला घालावे लागतील, आणि ते सहा कोटींच्या बाहेरचे. मशीनचं कर्ज सगळे मोजतात, यशस्वी झाल्यावर लागणारा पैसा फार थोडे मोजतात. ऑर्डर नाही आली म्हणून बुडालेले मी पाहिलेत, तसे ऑर्डर आली आणि भांडवल पुरलं नाही म्हणून बुडालेलेही पाहिलेत.

तुमची फाउंड्री लघुउद्योगात मोडत असेल, विक्रीवरून तसं दिसतंय, तर माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं ग्राहकावर २००६ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. आणि एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद लागू आहे की त्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. ७० टक्के माल घेणाऱ्यावर कुणी दावा लावत नाही, हे मलाही कळतं. पण नवीन भागाचे पैसे ट्रेड्सच्या, म्हणजे लघुउद्योगांना बिलावर लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर, बिल स्वीकारून द्या, एवढं मागायला काहीच हरकत नाही. मोठ्या कंपन्यांना त्यावर नोंदणी करावीच लागते.

हे सगळं एका पानावर मांडा आणि तीन रकाने करा: कबूल केलेला पूर्ण माल, निम्मा माल, आणि नवा माल शून्य. तिसऱ्या रकान्यात तुम्ही किती महिने उभे राहता तो आकडा काढा. तुम्हाला भीती वाटतेय ती त्या आकड्याची आहे. तो पाच निघो किंवा अकरा, कागदावर उतरला की निदान त्याच्याशी बोलता येतं.

यानंतर उठून समोरच्या खुर्चीत बसा, खरेदी अधिकाऱ्याच्या. त्याला शुक्रवार का हवाय? बहुतेक त्याच्याही डोक्यावर कुठली तरी आढावा बैठक आहे आणि त्याला त्याच्या तक्त्यात एका पुरवठादाराचं नाव लिहायचंय. त्याला तुमच्या घराच्या कागदपत्रांत रस नाही. नमुना कधी मिळेल, पीपीएम, म्हणजे दहा लाखांत सदोष नग, किती राहील, आणि लाइन थांबणार नाही ना, एवढंच त्याला हवंय. म्हणजे त्याची गरज आणि तुमची भीती या दोन वेगळ्या जागा आहेत, त्यामुळे मध्ये बोलायला भरपूर जागा आहे.

त्या मधल्या जागेत हो आणि नाही यांच्याखेरीज बरंच काही सापडतं. पॅटर्न आणि टूलिंगचा खर्च ग्राहकानं द्यावा. कच्च्या मालाचा दरफरक तिमाहीला मिळावा. पहिल्या वर्षी किमान किती टन उचलणार ते पत्रात यावं. पक्की हमी मिळणार नाही कदाचित, पण लेखी अपेक्षित शेड्यूलसुद्धा बँकेत कामाला येतं. पहिले सहा महिने तुमच्या आहे त्या लाइनवर तिसरी पाळी लावून निम्मा माल, आणि उरलेला जवळच्या एखाद्या फाउंड्रीत जॉबवर्कवर. आपल्या पट्ट्यात रात्री रिकाम्या असलेल्या लाइन आहेत. फक्त हे ग्राहकाची लेखी मान्यता घेऊनच करा. लपवून दुसरीकडं ओतलेला माल पकडला गेला तर नवाच नाही, जुना धंदाही जाईल. जॉबवर्कमध्ये किलोमागं मार्जिन कमी पडेल, पण ती सहा महिन्यांची फी समजा. तेवढ्या पैशात ग्राहकाचा शब्द खरा किती ते कळतं आणि घर तारणाबाहेर राहतं.

आणखी एक गोष्ट विचारायला हवी ती म्हणजे भाग कोणता आहे. इंजिनातला असेल, समजा फ्लायव्हील, तर इलेक्ट्रिक गाड्यांचा विचार सात वर्षांच्या कर्जात यायलाच हवा. ब्रेक ड्रम किंवा सस्पेन्शनचा असेल तर गाडी बॅटरीवर चालो की डिझेलवर, तो लागणारच. ट्रॅक्टरचा असेल तर पावसाचं घड्याळ लावा. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून यापुढं जात नाही.

ऑगस्ट २०१९ मधला एक प्रसंग सांगतो, कारण दडपणात आपण एकटेच आहोत असं वाटणं हा त्याचा सर्वात वाईट भाग असतो. पंचगंगेचा पूर, महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, कित्येक दिवस बंद. माझा तयार माल गोकुळ शिरगावात, ग्राहक पुण्यात. दुसऱ्या दिवसापासून फोन: लाइन थांबली तर डेबिट टाकू. मी एका वाहतूकदाराशी कर्नाटकातून भला मोठा वळसा घालून माल न्यायचं ठरवत होतो. भाडं ऐकून छातीत धस्स झालं होतं, आणि तोही रस्ता चालू राहील याची खात्री नव्हती. त्या रात्री माझ्या पत्नीनं विचारलं, "त्यांचा माल फक्त आपल्याकडूनच जातो का?" मी गप्प झालो. सकाळी शिरोलीतल्या चौघांना फोन लावले. त्याच ग्राहकाचे सहा पुरवठादार पाण्यानं अडकले होते. माझा माल पोहोचला असता तरी लाइन चालणार नव्हती. मग आम्ही सहा जणांनी मिळून एकच निरोप पाठवला, कुणाकडं किती माल तयार आहे आणि रस्ता उघडल्यावर किती तासांत पोहोचेल ते लिहून. डेबिट कुणालाच पडलं नाही. रात्रभर मी ज्या ओझ्याखाली होतो त्यातला माझा वाटा एक षष्ठांश होता, आणि ते मला घरातल्या एका प्रश्नानं कळलं. तुमच्या घरात कारखान्याच्या बाहेरचं जे कुणी असेल, आई, पत्नी, बहीण, त्यांना हे पान वाचून दाखवा. घर तारण ठेवायचं तर बहुधा त्यांच्यापैकी कुणाची सही लागणारच आहे. मग सहीच्या दिवशी सांगण्यापेक्षा आज सांगा.

वडिलांचं जरा हळूवारपणे सांगतो. तुमच्या पत्रात मला वाटलं की अर्धं दडपण सहा कोटींचं नाहीच. "बाबांनी उभं केलेलं माझ्या हातून जाऊ नये" याचं आहे. ते मी समजू शकतो, माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर मी ते पाहतो. पण ते वेगळं ओझं आहे, त्याला वेगळं ठेवा, नाहीतर ते कर्जाच्या आकड्यात मिसळतं आणि दोन्ही दिसेनासे होतात. वडिलांना निर्णय विचारू नका, या अवस्थेत त्यांच्यावर तो भार नको. डॉक्टरांना विचारून, बरा दिवस बघून, आठवण विचारा. "बाबा, ९७-९८ च्या मंदीत आपली फर्नेस बंद होती तेव्हा पगार कसे केले होते?" एवढंच. ज्या माणसानं शून्यातून फाउंड्री उभी केली त्याच्याकडं या प्रश्नाचं उत्तर असतं आणि ते सांगताना त्याला बरं वाटतं. माझे वडील गेले तेव्हा असे पन्नास प्रश्न विचारायचे राहून गेले. त्यातला प्रत्येक मला पुढं कधी ना कधी पैसे मोजून सोडवावा लागला.

एक सावधगिरीही सांगितलीच पाहिजे. व्यापक नजर ही पळवाटही होऊ शकते. माझा एक जिवलग मित्र अडचणीत आला तेव्हा फार शांत झाला होता. म्हणायचा, धंदा म्हणजे सगळं नव्हे. आम्हाला वाटलं याला समज आली. खरं तर तो बँकेची पत्रं उघडतच नव्हता. हप्ता थकला की पहिल्या दिवसापासून बँकेच्या नोंदीत त्याचे टप्पे पडत जातात, ३० दिवस, ६० दिवस, आणि ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जातं. पहिल्या महिन्यात जाऊन बोललं असतं तर कर्जाची पुनर्रचना झाली असती. तो तिसऱ्या महिन्याच्या शेवटी गेला. तेव्हा दूरवर बघायचं ते निर्णय घेताना. एकदा घेतला की रोजचं खातं, रोजचं रिजेक्शन, रोजची येणी यांच्याकडं नाक लावून बघायचं. दोन्ही नजरा एकाच माणसाला लागतात.

शुक्रवारचं बोलू. फोन करू नका, शक्य असेल तर भेटायला जा. साधारण असं बोला: "साहेब, भाग आम्हाला करायचाच आहे. नमुने आम्ही पाच आठवड्यांत देतो, आहे त्या लाइनवर. पहिल्या सहा महिन्यांसाठी ३० टन आमच्याकडं आणि बाकी तुमच्या मान्यतेनं जॉबवर्क. नव्या लाइनचा निर्णय तिसऱ्या महिन्यातलं शेड्यूल बघून करतो, आणि त्याआधी मला किमान मालाचं पत्र, टूलिंगची ऑर्डर आणि दरफरकाचं कलम लागेल." पाच आठवडे आणि ३० टन हे माझे अंदाज आहेत, तुमचे घाला. नंतर गप्प बसा. खरेदीवाले गप्प बसलेल्या माणसाशी जास्त बोलतात.

ते "नाही, आत्ताच पूर्ण हो म्हणा" म्हणाले तर माझा कल नाही म्हणण्याकडं आहे, तोंडी शब्दावर घर देण्याच्या बाजूचा मी नाही. पण तुमच्या तिसऱ्या रकान्यात दहाच्या वर आकडा निघाला आणि घराऐवजी फक्त मशीन आणि सरकारी पतहमीवर बँक तयार झाली, तर मी पुन्हा विचार करीन. सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या पतहमी योजनेत एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंतच्या कर्जाला हमी मिळू शकते. बँकेच्या शाखेत कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

भेट झाली की ते काय म्हणाले ते लिहा, आणि भाग कोणता, वजन किती, आतल्या पोकळीसाठी कोअर किती लागतात तेही. १५ किलोच्या आतलं कास्टिंग असेल तर जॉबवर्कला माझ्या माहितीतल्या दोन लाइन रात्री रिकाम्या आहेत.